एकशे ऐंशी घोडे आणि एक कारकून

माणूस मोठ्या घरातून लहान घरात गेला, तर लोक समजून घेतात. नशिबाचा फेरा म्हणतात, हळहळतात, घरी बोलावून चहा पाजतात. पण कर्ज थकलेलं नसताना, डोकं ठिकाणावर असताना, आपण होऊन कुणी मोठी गाडी देऊन लहान गाडी आणली, तर त्याला आपल्या समाजात क्षमा नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या वर्षी मी हा गुन्हा केला, आणि त्याची शिक्षा अजून भोगतो आहे.

पहिली शिक्षा जिन्यातच मिळाली. एकशे तीनवाले काका इकडेतिकडे बघत जवळ आले आणि कानाशी लागून म्हणाले, "काय हो, बँकेत काही झालं का?"

"काही नाही. का?"

"नाही, गाडी बदललीत म्हणून विचारलं. काही लागलं सवरलं तर संकोच करू नका."

बँकेतला माणूस, आणि गाडी लहान झाली, म्हणजे हा सस्पेंड तरी झाला असणार किंवा लवकरच पेपरात नाव येणार, असा काकांचा हिशेब. दोन दिवसांत तो सगळ्या सोसायटीत फिरला. दुसरी शिक्षा वॉचमननं दिली. मोठी गाडी फाटकातून आत येताना तो खुर्चीवरून उठून सलाम ठोकायचा. लहान गाडी आल्यावर त्यानं बसल्या जागेवरून हात हलवला आणि विचारलं, "किधर जाना है?"

तर या सगळ्या मंडळींना एकदाच, लेखी, उत्तर द्यावं म्हणून हा लेख. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि वीस वर्षं नावे-जमा करतो आहे. त्यामुळे जे काही मांडीन ते ताळेबंदासारखं दोन्ही बाजूंनी मांडीन.

आधी मोठ्या गाडीची बाजू. ती मी विकत घेतली असं म्हणणं धाडसाचं होईल. ती माझ्या गळ्यात पडली. आमचा मेहुणा सहकुटुंब कॅनडाला निघाला आणि जाताना म्हणाला, "भावोजी, गाडी तुम्हीच घ्या. परक्याच्या हातात द्यायला जीव होत नाही." त्याचा जीव होत नव्हता याचं खरं कारण परका माणूस त्याला भाव देत नव्हता, हे मला फार पुढे कळलं. आपल्याकडे नव्या मोठ्या गाडीला जेवढा मान, तेवढीच जुन्या मोठ्या गाडीला बाजारात अवकळा. गाडी परदेशी घराण्यातली, वय वर्षं अकरा, इंजिन चोवीसशे सी.सी.चं आणि ताकद १८० अश्वशक्तीची. लांबी पावणेपाच मीटरच्या वर. मी बँकेतून कर्ज काढलं आणि एकशे ऐंशी घोड्यांचा धनी झालो. माझ्या आजोबांकडे एक बैल होता, तोही वाट्यानं.

गाडी सभ्य होती, हे शत्रूलाही मान्य करावं लागेल. इतकी सभ्य की ती सुरू आहे की बंद, हे आत बसलेल्याला कळू नये. एकदा सिग्नलवर मी सुरू असलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेलो, तेव्हा तिनं जी किंकाळी फोडली तेवढाच तिचा आवाज मी चार वर्षांत ऐकला. खड्डा आला तरी आत 'हं' एवढंच ऐकू यायचं. स्टिअरिंग एका बोटानं फिरायचं. ही जणू दुसऱ्या कुणाची तरी गाडी आहे आणि मालक उतरेपर्यंत आपण जागा धरून बसलो आहोत, असं मला चारही वर्षं वाटत राहिलं.

आता मुद्द्याचं. हे एकशे ऐंशी घोडे मी पळवायचे कुठे? मी नेरूळला राहतो. आमच्याकडचा सर्वांत देखणा रस्ता म्हणजे वाशीपासून बेलापूरपर्यंत खाडीच्या कडेनं जाणारा पामबीच. त्यावर वेगाची मर्यादा ६०, आणि ती मोडणाऱ्याची छबी टिपायला कॅमेरे. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी उघडला, तिथं मर्यादा १००. द्रुतगती महामार्गावर सपाटीला १००, घाटात त्याहून कमी. आणि आमच्या सेक्टरच्या अंतर्गत रस्त्यावर, दोन्ही बाजूंना गाड्या, मधे पाणीपुरीवाला आणि त्याच्या भोवती कॉलेजची मुलं, अशा ठिकाणी मर्यादा लिहिलेली नसते, कारण गरजच पडत नाही.

साठच्या वेगानं गाडी जाते तेव्हा एकशे ऐंशीपैकी फार तर वीस-पंचवीस घोडे राबत असतात. बाकीचे बसून चंदी खातात. आमच्या बँकेत दोन वर्षं खातेदारानं व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं. माझे दीडशे घोडे चार वर्षं निष्क्रिय खात्यात पडून होते आणि पेट्रोल मात्र चालू खात्यातून जात होतं. शहरात लिटरला सात किलोमीटर. कॅश क्रेडिटचं काम पाहणाऱ्यांना ठाऊक असेल, मंजूर मर्यादा एक असते आणि ड्रॉइंग पॉवर दुसरी. गोदामात माल दहा लाखांचा असेल तर मर्यादा कोटीची असून उपयोग नाही. आपल्या रस्त्यांची ड्रॉइंग पॉवर साठ, आणि आपण मर्यादा मागतो दोनशेची. ऐपत आहे म्हणून कोथिंबिरीची जुडी आणायला कुणी हिंदकेसरी पैलवान पगारावर ठेवत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो आणि वर पेढे वाटतो.

बरं, एवढी ताकद पदरी असून मी राजासारखा वागत होतो म्हणावं, तर तेही नाही. मी त्या गाडीचा कारकून होतो. तिला ओरखडा पडेल म्हणून मंडईत न्यायची नाही. पावसाळ्यात सबवेमध्ये पाणी भरतं म्हणून न्यायची नाही. सिडकोच्या जुन्या इमारतींच्या आवारात जागा आखली गेली ती स्कूटरच्या जमान्यात. तिथं ती लावली की तिचं नाक काकांच्या तुळशीत आणि शेपूट फाटकात. पार्किंगची जागा जाईल म्हणून मग रविवारीही न्यायची नाही. लग्नाला नेली तर जेवताना सारखं खिडकीतून बाहेर लक्ष. जिलबी कितव्या फेरीला आली ते मला कधी कळलंच नाही.

त्यातून एक दिवस तिच्या पोटात काहीतरी बिघडलं. मेकॅनिकनं सुट्या भागाचा आकडा सांगितला. तो माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा होता. मी फक्त "एवढा लहानसा भाग?" असं म्हणालो. तो म्हणाला, "साहेब, भाग लहान आहे, गाडी मोठी आहे." वेदान्त माणसाला कुठं भेटेल सांगता येत नाही. मला तो तुर्भ्याला एका गॅरेजात भेटला.

त्याच गॅरेजात कोपऱ्यात एक पांढरी मारुती ८०० उभी होती. २००९ सालची. एम.एच. त्रेचाळीस, म्हणजे आमच्या वाशी आर.टी.ओ.चीच लेक. एका निवृत्त मास्तरांची गाडी. डोळ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी विकायला काढलेली. पंधरा वर्षं झाल्यावर तपासणी करून, पर्यावरण कर भरून, पुढच्या पाच वर्षांची नोंदणी करून घेतलेली. मेकॅनिक म्हणाला, "एक फेरी मारून या." मी गेलो. मोजून पाच मिनिटांत परतायचं होतं, मी तीन पाऊण तासांनी परत आलो. पंधरा दिवसांत मोठी गाडी गेली, लहान आली, मेहुण्याच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला आणि काही रक्कम शिल्लक उरली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ताळेबंदात गाडी या सदराखाली काही शिल्लक दिसली.

आता विरुद्ध पक्षाचे मुद्दे घेतो, कारण नुसतं आपलंच घोडं पुढे दामटणं बरं नव्हे.

पहिला मुद्दा प्रतिष्ठेचा. "माणसानं पायरी चढावी, उतरू नये." सायकल, मग स्कूटर, मग लहान मोटार, मग मोठी मोटार, मग त्याहून उंच मोटार, मग बहुधा रणगाडा. देशात आज विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक त्या उंच, रुंद, 'युटिलिटी' म्हणवणाऱ्या गाड्या आहेत. त्यांची युटिलिटी काय, तर आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अशा एका गाडीतून रोज जिमला जातात. अंतर चारशे मीटर. तिथं पोचल्यावर ते पट्ट्यावर चालतात.

प्रतिष्ठेचंच बोलायचं तर एक उदाहरण देतो. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली हरपाल सिंग यांच्या हाती दिली, तेव्हा तीच ७९६ सी.सी.ची चिमुकली गाडी प्रतिष्ठेची परिसीमा होती. लोक पैसे भरून रांगेत उभे होते. वर्षानुवर्षं फियाट आणि अॅम्बॅसॅडर ढकलून सुरू केलेल्या लोकांना किल्ली फिरवताच सुरू होणारी गाडी हाच चमत्कार वाटला. पुढे तिच्या पंचवीस लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या. २०१०च्या एप्रिलमध्ये धुराचे नवे नियम आले आणि मुंबई, पुणे आणि आपलं सोलापूर धरून तेरा शहरांत तिची विक्री थांबली. २०१४ साली उत्पादनही थांबलं. गाडी तीच, तिच्यात एक इंचाचाही कमीपणा आला नव्हता. बदललो आपण. प्रतिष्ठा इंजिनात असती तर ती अशी शेजाऱ्याच्या गाडीकडे बघून कमीजास्त झाली नसती.

लहान गाडीला 'गरिबाची' म्हणण्याचा आपला रोग तर फार जुना. आपल्या इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 'मीरा' नावाची छोटी मोटार स्वतःच्या हिकमतीवर बनवली, वर्षानुवर्षं सुधारत आणली. बारा हजारांत ती सामान्य माणसाला मिळावी हा त्यांचा ध्यास. ती कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही. २००९ साली टाटांची नॅनो आली, ६२४ सी.सी.ची. चौघांचं कुटुंब स्कूटरवर भिजत जाताना बघून सुचलेली गाडी. पण 'सर्वांत स्वस्त' असा शिक्का कपाळावर बसला आणि ज्याच्यासाठी ती केली त्यालाच तिच्यात बसायची लाज वाटली. २०१८ साली तीही गेली. आणि गंमत पाहा. ज्यांच्या समूहानं २००८ साली जॅग्वार कंपनी विकत घेतली, ते रतन टाटा २०२२ साली मुंबईच्या ताज हॉटेलात आले ते नॅनोत बसून. ज्याला काही सिद्ध करायचं उरलेलं नसतं, तो लहान गाडीत मावतो. आम्ही मात्र कर्ज काढून ऐसपैस होतो.

दुसरा मुद्दा आरामाचा. हो, लहान गाडीत आराम कमी आहे. तिला पॉवर स्टिअरिंग नाही. वळवताना दोन्ही दंड लागतात. खड्डा आला की तो पाठीच्या कण्याला नाव-गाव-पत्त्यासह कळवते. पण मी म्हणतो, आराम करायला घरी सोफा आहे, बँकेत काउंटर आहे. गाडी चालवायला घेतली तर ती चालवल्यासारखी वाटायला नको? मारुतीला घोडे अवघे सदतीस, गिअर चार, पण एकही घोडा बसून खात नाही. चाळिसाच्या वेगाला ती अशी गुणगुणते की आपण काहीतरी पराक्रम करतो आहोत असं वाटतं. पन्नासला खिडकीतून वारा, खाडीचा वास, इंजिनाचा सूर, सगळं एकदम आत येतं. साठला तर मी पामबीचवर अक्षरशः सीटच्या कडेवर बसलेला असतो, डोळे चमकलेले, आणि कायदा तसूभरही मोडलेला नाही! मोठ्या गाडीत एवढी मजा यायला मला शंभराच्या पुढे जावं लागलं असतं आणि नंतर दंड भरावा लागला असता. गल्लीत समोरून टेम्पो आला तर ती अंग चोरून उभी राहते. मंडईत जिथं मोठ्या गाडीचं नुसतं नाक शिरलं असतं, तिथं ही पूर्ण मावते आणि वर दार उघडायला जागा उरते.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. इथं मी विनोद करणार नाही, कारण हा मुद्दा खरा आहे. या जुन्या गाडीत हवेच्या पिशव्या नाहीत आणि पत्रा पातळ आहे. म्हणून मी ती महामार्गावर नेत नाही. पुण्याला जायचं तर शिवनेरी आहे, आणि तिचा चालक माझ्यापेक्षा बरा आहे. पण या मुद्द्याचा शेवट "म्हणून मोठी घ्या" असा करण्याला माझा विरोध आहे. त्याचा शेवट "लहान गाडी भक्कम बनवा" असा व्हायला हवा. २०१४ साली परदेशी संस्थेनं आपल्या पाच लहान गाड्या भिंतीवर आपटून पाहिल्या आणि पाचांनाही शून्य तारे दिले. त्यानंतर कारखानदार हलले, नियम आले. २०२३पासून आपल्या देशातच अशी तपासणी होते. म्हणजे जमतं. ग्राहकानं मागितलं की जमतं. शिवाय सुरक्षितता कुणाची, हेही विचारा. आपण उंच पोलादी पेटीत सुरक्षित बसतो, पण तिचं उंच, बोथट नाक रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी पोराच्या गुडघ्यापाशी नाही, छातीपाशी येतं. तो मुलगा कुणाच्या हिशेबात धरायचा? माझ्या वहीत तरी ती बाजू कोरी ठेवता येत नाही.

आणि सरकार, जे सहसा माझ्याशी कशातच सहमत नसतं, तेही इथं माझ्या बाजूला आहे. २००६पासून चार मीटरच्या आतल्या लहान इंजिनाच्या गाडीला कर कमी. २२ सप्टेंबर २०२५पासून तर लहान गाडीला जी.एस.टी. १८ टक्के आणि मोठीला ४०. म्हणजे मोठेपणाचा दर सरकारनंच ठरवून दिला आहे. तरी रांग तिकडेच!

पण खरं सांगू का, वाचकहो? हे सगळे मुद्दे मला नंतर सुचले. गाडी बदलून मला काय मिळालं ते मला कळलं एका शनिवारी दुपारी.

मी सोफ्यावर पडलो होतो. आमची ही किल्ली हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मी एक चक्कर मारून येऊ?"

"तू? तुला येते?"

तिनं काही न बोलता कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी आणली. त्यात आमच्या लग्नाचा दाखला होता आणि त्याखाली तिचं ड्रायव्हिंग लायसन्स. लग्नाच्या आधी दोन महिने काढलेलं. शिकली होती ती मोटार ट्रेनिंग स्कूलच्या मारुती ८००वर, तेव्हा सगळं जगच त्या गाडीवर शिकायचं. मी जन्मभर दुसऱ्यांच्या निष्क्रिय खात्यांची यादी करत आलो, आणि माझ्याच कपाटात एक खातं इतकी वर्षं निष्क्रिय पडलं होतं. मला पत्ता नव्हता.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"त्या गाडीत तुम्ही मला दार जोरात लावू देत नव्हतात," ती म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. चार वर्षं मी समजत होतो, की मी कुटुंबासाठी मोठी गाडी पोसतो आहे. प्रत्यक्षात त्या गाडीत एक घाबरलेला चालक आणि दोन शिस्तबद्ध उतारू होते. मागच्या सीटवर आमच्या कन्येला वेफर्ससुद्धा खायची परवानगी नव्हती.

मी शेजारी बसलो. तिनं क्लच सोडला, गाडीनं दोन उड्या मारल्या आणि बंद पडली. तिनं पुन्हा सुरू केली. तिसऱ्या वेळी आम्ही फाटकाबाहेर पडलो. सारसोळेपर्यंत मी डोळे मिटून होतो. सिग्नलच्या अलीकडे उघडले तर ही गाणं गुणगुणत होती. बंपरला एक पोचा आला आहे, तो त्याच दिवसाचा. दुरुस्त करायला सहाशे रुपये सांगितले होते. मी तो तसाच ठेवला आहे.

त्यानंतरचा वृत्तांत थोडक्यात सांगतो. ही बेलापूरला नोकरीला जाते. पूर्वी बसला लोंबकळत जायची, आता गाडी घेऊन जाते. कन्येला नुकती अठरा वर्षं पूर्ण झाली, शिकाऊ लायसन्स आलं, रविवारी सकाळी आई तिला शिकवते. पेट्रोल पंपावर, सिग्नलला, अनोळखी माणसं काच खाली करून हिला सांगतात, "आमच्या बाबांची पहिली गाडी हीच होती हो!" माझ्या मोठ्या गाडीकडे बघून कुणाला आपले बाबा आठवल्याचं मला स्मरत नाही.

माझ्या वाट्याला गाडी येते रविवारी संध्याकाळी, तीही टाकीत पेट्रोल भरण्याच्या अटीवर. एरवी मी आपला नेरूळ स्टेशनावरून सकाळची लोकल पकडतो. तिची ताकद किती घोड्यांची आहे मला ठाऊक नाही, पण त्यातला एकही बसून खात नाही, याची खात्री आहे.

एकशे तीनवाले काका अजून अधूनमधून चौकशी करतात. मागच्या आठवड्यात मात्र त्यांनी वेगळंच विचारलं. त्यांच्या सुनेला गाडी शिकायची आहे, त्यांची मोठी गाडी मुलगा हातात देत नाही, तर आमची मारुती महिनाभर मिळेल का? मी म्हटलं, "मालकिणीला विचारावं लागेल."

आणि हो, वॉचमन पुन्हा उठून सलाम करू लागला आहे. फाटकातून पांढरी मारुती आत आली रे आली की तो ताठ उभा राहतो. मी मागून स्टेशनवरून पायी येत असतो. मला तो अजूनही विचारतो, "किधर जाना है?"